जोखमीचे टपाल

अमरावतीचे धनराज शेठ हे वऱ्हाडातले बडे सावकार. मुंबई, इंदूर आणि माळव्यातल्या पेठांशी त्यांचा व्यवहार. १८२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पेढीची रोकड मुंबईहून इंदुराकडे निघाली ती पोचलीच नाही. नेणारी माणसेही पोचली नाहीत. खानदेश ओलांडून माळव्यात शिरताना ठगांनी त्यांना गाठले होते. शेठजींनी सरकारची वाट पाहिली नाही. बिहारीलाल नावाचा आपला गुमास्ता त्यांनी ठगांच्या मागावर सोडला. तो ठगांना धरवायचा, आणि लुटीतला वाटा परत करणाऱ्यांना सोडवायचाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हा प्रकार फार झोंबला. त्यांना गुन्हेगार फासावर चढवायचे होते, सावकाराला आपली रक्कम हवी होती.

ही रोकड नेणाऱ्या माणसांना रोकडिये म्हणत. त्यांची सगळी मदार सोंगावर. अंगावर फाटके कपडे, हातात काठी, एखाद्या गोसाव्यासारखी चाल. आणि सोने-चांदी शिवलेली असायची बंडीच्या अस्तरात, कमरेच्या कशात, वळकटीच्या घड्यांत. सोबत हत्यारबंद शिपाई घेतले की लोकांचे लक्ष जाते, म्हणून शिपाई नाहीत. अडचण अशी की ठग हेही सोंगाचेच धनी. वाटेवरच्या माणसाची पावले जड पडतात का, मुक्कामाला तो बोचके उशाशी घेतो की बाजूला टाकतो, एवढ्यावरून त्यांना सुगावा लागे. मग दोन-चार दिवस सोबत चालायचे, विश्वास मिळवायचा आणि सोयीच्या जागी रुमाल काढायचा.

मला या हकिकतीत लुटीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. रोकडिया कुठे नाहीसा झाला हे सांगणारे वाटेवर कोणी नव्हते. तो कोणत्या गावी कधी पोचला, तिथून कधी निघाला, त्याच्याजवळ काय होते, याची नोंद कुठेच नाही. कारण नोंद केली तर गुपित फुटले असते. गुपित राखण्यासाठी जे जे केले, त्यानेच चोराचा माग पुसला गेला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मौल्यवान वस्तू दूर पाठवण्याची रीत बदलत गेली ती याच गाठीभोवती. लपवून पाठवायचे, की सांगून पाठवायचे?

सावकारांजवळ तिसरा उपाय होता: वस्तू पाठवायचीच नाही. हुंडी म्हणजे तेच. पुण्यात पैसे भरा, काशीत उचला. मधल्या वाटेवरून फक्त कागद जातो. कागद चोरीला गेला तरी चोराच्या हाती फारसे काही लागू नये अशी तजवीज त्याच्या मजकुरातच असे. रक्कम आकड्यात, मग अक्षरी, मग ‘निमे अमुक, त्याचे दुप्पट’ असा उलटा हिशेब, म्हणजे एखादे शून्य वाढवायचे तर तीन ठिकाणी खोटेपणा करावा लागेल. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहूलाच मिळायचे, रस्त्यावरच्या ऐऱ्यागैऱ्याला नाही. आणि हुंडी गहाळ झाली तर? पहिली गहाळ झाली म्हणून दुसरी लिहीत, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. प्रत्येकीत आधीच्या कागदाचा उल्लेख असायचा, म्हणजे तिन्ही कधी एकत्र सापडल्या तरी पैसे एकदाच द्यायचे. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोचला तरच रक्कम देय होई; विम्याची सोय त्या एका कागदातच आलेली होती. आमच्याकडे व्यापारी अक्कल इंग्रजांनी आणली असे मानणाऱ्यांनी एक जुनी हुंडी वाचून पाहावी.

पण हुंडी पेढीपासून पेढीपर्यंतच चालते. शेतकऱ्याला कापसाचे पैसे हुंडीने देता येत नाहीत. त्याला रुपया हवा, वाजवून पाहता येईल असा.

१८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, आणि नागपूरचे राज्य खालसा होऊन हा मुलूख कंपनीच्या हाती आला. १८३७च्या कायद्याने कंपनीने पत्रे वाहून नेण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला होता, आणि १ ऑक्टोबर १८५४पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच तिकीट आले. पत्रे हरकाऱ्याच्या थैलीतून जात, बोजा बंगीने. बंगी म्हणजे कावडच: बांबूच्या दोन टोकांना दोन पेट्या आणि मधे एका माणसाचा खांदा. हरकाऱ्याच्या काठीला घुंगरे बांधलेली, हातात भाला, रात्री पुढे मशाल. रोकडिया जे लपवत होता ते हा माणूस वाजवत नेत होता. घुंगरे जनावरे पळवण्यासाठी होती हे खरे, पण त्यांचा दुसराही उपयोग झाला. दोन चौक्यांमधल्या प्रत्येक वस्तीला टपाल गेल्याचे कळे, आणि घुंगरे वाजली नाहीत तर तेही कळे. शिवाय एकच माणूस सारी वाट चालत नव्हता. काही कोसांवर थैली दुसऱ्याच्या हाती जायची, आणि ती कुणी कधी घेतली हे प्रत्येक ठिकाणी टिपले जायचे. थैली गेली तर कोणत्या दोन चौक्यांमध्ये गेली, एवढे तरी आता सांगता येऊ लागले.

या मुलखातले वर्धा शहर तेव्हा अस्तित्वात नव्हते. १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला, त्याचे ठाणे आधी पुलगावजवळ कवठ्याला होते. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी नवे शहर आखले गेले, आणि तिथून जवळच सिंदी, बोरगाव, सावंगी, पिपरी ही नावापुढे ‘मेघे’ लागणारी गावे आपापल्या शिवारात होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळवरून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली आणि वर्धा त्या मार्गावरचे स्टेशन झाले. पुढे हिंगणघाट-वरोऱ्याचा फाटाही इथूनच फुटला. हिंगणघाटचा बनी कापूस मुंबईच्या आडत्यांना आधीपासून ठाऊक होता. आता तो आगगाडीने जाऊ लागला. कापूस एका दिशेने जातो तेव्हा पैसा उलट दिशेने यावाच लागतो. हंगामात चांदीच्या रुपयांच्या थैल्या गाडीने आणणे महागही आणि धोक्याचेही.

याच सुमारास सरकारी नोटा आल्या. १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेल्या या नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत, आणि ज्या मंडलात काढल्या तिथेच त्यांचे हक्काने रुपये मिळत. नकली नोटांचा सुळसुळाट झाल्यामुळे १८६७ साली ही मालिका मागे घेऊन नवी काढावी लागली. नोट पाकिटात मावते, ही तिची सोय आणि तीच तिची अडचण. हजार रुपयांची चांदी चोरायची तर जड थैली उचलून न्यावी लागेल. हजाराची नोट टपालातल्या एखाद्या कारकुनाच्या बाहीत जाईल.

व्यापाऱ्यांनी त्यावर जो तोडगा वापरला तो आज ऐकला तर हसू येते. नोट मधोमध कापायची. एक तुकडा आजच्या टपालाने, आणि तो पोचल्याचे पत्र आले की दुसरा तुकडा पुढच्या टपालाने. दोन्ही तुकडे जुळल्याशिवाय खजिन्यातून पैसे सुटत नसत, त्यामुळे एकच पाकीट फोडणाऱ्याच्या हाती फक्त अर्धा कागद लागे. ही युक्ती विलायतेतली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या टपाल खात्यानेच लोकांना नोटा कापून पाठवायचा सल्ला दिला होता. हिंदुस्थानात तिचा इतका प्रसार झाला की रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयानेही जुन्या नोटांची माहिती देताना या चालीची आवर्जून नोंद केली आहे. मागून चिकटवलेल्या, मधे शिवण दिसणाऱ्या नोटा संग्राहकांकडे आजही असतात.

अर्ध्या नोटेत आणखी एक गंमत होती. दुसरा तुकडा पाठवणाऱ्याच्या हातात असेपर्यंत पैसे दिलेही होते आणि दिलेले नव्हतेही. माल आधी उतरवा, मग उरलेला तुकडा, असे म्हणता यायचे. चोराविरुद्ध काढलेली युक्ती आडत्याने गिऱ्हाइकाविरुद्ध वापरली नसेल तर तो आडत्या कसला! पण तिची किंमतही होती. प्रत्येक व्यवहाराला टपालाच्या तीन फेऱ्या, आणि कापसाचा भाव तोवर थांबत नाही.

मग १८७७ ते १८८० या तीन वर्षांत टपाल खात्याने जे केले त्याने हा सगळा खेळच बदलला. १८७७च्या डिसेंबरात व्हॅल्यू पेएबल पार्सल सुरू झाले, म्हणजे आपल्या तोंडातली ‘व्ही.पी.’. १ जानेवारी १८७८पासून टपालातल्या वस्तूंचा विमा. १ जानेवारी १८८०पासून मनिऑर्डर, जी आधी सरकारी खजिन्यांतून चालत असे ती टपाल कचेरीत आली. तिन्हींमागचा विचार एकच होता. पाकिटात काय आहे आणि त्याची किंमत काय, हे पाठवणाऱ्याने खात्याला सांगायचे. खिडकीवरच्या कारकुनाला, थैली बांधणाऱ्याला, गाडीतल्या सॉर्टरला, वाटपाला निघालेल्या पोस्टमनला, सगळ्यांना सांगायचे. विमा उतरवलेल्या पाकिटावर रक्कम आकड्यात आणि अक्षरात वरच लिहावी लागते. धनराज शेठांच्या रोकडियाला हे वेडेपण वाटले असते. पाचशे रुपयांचे सोने, आणि वर पाचशे असे लिहायचे?

त्या लिहिण्यामुळेच ते पाकीट वेगळे होते. ते साध्या टपालात मिसळत नाही. त्याची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र यादी. विम्याची लहान थैली रजिस्ट्रीच्या थैलीत आणि ती मोठ्या थैलीत. हात बदलला की सही. जो घेतो तो आधी पाहून घेतो, कारण सही केली की पुढची जबाबदारी त्याची. थैलीची मोहर फुटलेली दिसली तर तिथेच, दोघांच्या समक्ष, अहवाल लिहायचा. चोरी अशक्य झाली नाही. चोरी कोणाच्या पाळीत झाली हे सांगता येऊ लागले, आणि खात्यातल्या चोराला तेवढीच एक भीती असते.

विम्याचे पार्सल तयार करणे हे घरातले एक कार्यच होते. वस्तू डब्यात, डबा मांजरपाटात. दाभण आणि मजबूत दोरा घेऊन शिवण घालायची, ती सलग, तुकडे-तुकडे जोडून नाही. मग लाख. मध्य प्रांताच्या पूर्व भागात, भंडारा-गोंदियाकडे पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाख होते. विदर्भातल्या माणसाला ती बाहेरून आणावी लागत नव्हती. कांडी दिव्यावर धरायची, शिवणीवर थेंब पाडायचे आणि गरम असतानाच शिक्का दाबायचा. शिक्क्याबाबत टपालाचे नियम मोठे काटेकोर होते. सगळ्या मोहरा एकाच लाखेच्या आणि एकाच छापाच्या हव्यात. छाप पाठवणाऱ्याचा स्वतःचा हवा. नाण्याचा चालणार नाही, नुसत्या आडव्या-उभ्या रेघांचाही नाही. रुपयाचा छाप चोरही उमटवू शकतो, कारण रुपया त्याच्याकडेही असतो. म्हणून व्यापारी पितळेचा नावाचा शिक्का करून घेत. तिकिटे लावायची तीही एकमेकांना चिकटून नाही, मधे जागा सोडून आणि कडेवरून न वळवता. तिकिटाखाली कापडाला पाडलेले भोक लपवता येते, हे कोणी तरी करून दाखवल्याशिवाय असा नियम सुचत नाही. जुने नियम वाचताना मला नेहमी वाटते की प्रत्येक कलमामागे एक हुशार चोर उभा आहे.

आणि शेवटी वजन. पार्सल तोलून नेमके वजन पावतीवर टिपायचे. मोहर शाबूत, शिवण शाबूत, आणि आतले सोने काढून तेवढ्याच आकाराचा दगड भरलेला, ही शक्यता तराजूखेरीज कशानेच उघड होत नाही. वजनाचा धडा जगाने १८५५च्या मे महिन्यात घेतला होता. लंडनहून पॅरिसला निघालेल्या सोन्याच्या पेट्यांतून वाटेत आगगाडीतच सोने काढून चोरांनी शिशाचे छर्रे भरले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बूलोन्य इथे पेट्या तोलल्या तेव्हा वजने आधीच्या नोंदीशी जुळली नाहीत. तरी कोणी थांबवले नाही. पेट्या पुढे पॅरिसला गेल्या आणि तिथे उघडल्यावर बोंब झाली. तराजूने आपले काम केले होते. आकडा पाहून गाडी थांबवणारे माणूस नव्हते.

१८९८चा टपाल कायदा हा या व्यवस्थेचा कळस म्हणायचा. त्याच्या सहाव्या कलमाने सरकारने हात झटकले: टपाल हरवले, भलत्याला दिले गेले, उशिरा पोचले किंवा मोडले, तरी खाते जबाबदार नाही, जिथे सरकारने स्पष्ट शब्दांत जबाबदारी घेतली आहे ते सोडून. ती जबाबदारी विम्यात घेतली होती. म्हणजे किंमत सांगितली तर भरपाई, नाही सांगितली तर तुम्ही आणि तुमचे नशीब. पुढच्या नियमांनी नोटा, सोने, जवाहीर टपालाने पाठवायचे तर विमा सक्तीचाच केला. आणि बावन्नाव्या कलमात टपाल कर्मचाऱ्याने चोरी केली, टपाल दडवले किंवा नष्ट केले, तर सात वर्षांपर्यंत कैद. साध्या चोरीपेक्षा ही शिक्षा बरीच कडक होती.

मनिऑर्डरीने जे केले ते हुंडीचेच काम, फक्त पेढी नसलेल्यांसाठी. गिरणगावातल्या खोलीतून रत्नागिरीच्या वाडीत दरमहा जाणारे पाच-दहा रुपये हे तिचे खरे रूप. कोकणातली कितीतरी घरे या रकमेवर चालली. तिथे मोहर नको, लाख नको. वाटेवरून पैसा जातच नव्हता. जोखीम शेवटच्या दोन-चार मैलांत उरली, पोस्टमनच्या पिशवीत. वाटणीचा दिवस सगळ्या गावाला ठाऊक असायचा.

जगात मात्र लपवण्याची हौस गेली नाही. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा सापडला. तो लंडनला नेण्यासाठी बोटीवर गुप्त पोलिसांच्या पहाऱ्यात एक पेटी ठेवली, तिच्यात नकली दगड होता. खरा हिरा साध्या खोक्यात घालून रजिस्टर टपालाने पाठवला, आणि तो पोचला. पुढे नोव्हेंबर १९५८मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला तोही रजिस्टर टपालानेच. टपालहशील २ डॉलर ४४ सेंट. दहा लाखांचा विमा धरून एकूण खर्च १४५ डॉलर २९ सेंट. पहिल्याने पहारा दाखवून हिरा लपवला, दुसऱ्याने किंमत लिहून दिली. दोघांनीही जी गोष्ट निवडली ती मात्र एकच: हातोहात सही होत जाणारी रजिस्ट्री.

आता वर्ध्याजवळच्या सिंदीकडे येऊ. १९३५च्या आरंभी गांधीजी वर्ध्यात मगनवाडीला राहायला आले, आणि त्याच वर्षी मीराबेन जवळच्या सिंदी गावात जाऊन राहिल्या. मगनवाडीची मंडळी सकाळी बादल्या घेऊन सिंदीला मैला उचलायला जात, गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई ‘हरिजन’मध्ये त्याचे वृत्त लिहीत. त्या काळी वर्ध्याच्या टपाल कचेरीवर किती भार पडला असेल याचा अंदाज गांधीजींच्या पत्रव्यवहारावरून येतो. पत्रे, तारा, देणग्यांच्या मनिऑर्डरी, पुस्तके, औषधे, आणि सूत. हो, सूतही. १९२४च्या बेळगाव काँग्रेसनंतर सभासदत्वाची वर्गणी म्हणून दरमहा २,००० वार सूत द्यायचे ठरले तेव्हापासून सुताची पुडकी टपालाने येणे हा या चळवळीचा भाग होता. ते सूत कोणी चोरले नसते. पण कोणाचे कोणते, किती वार, हे चिठ्ठी सुटली की संपले. बाजारात कवडीमोल असलेल्या पुडक्यालाही नावाची चिठ्ठी घट्ट बांधावी लागते.

मीराबेन सिंदीहून शेगावला गेल्या आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही त्या खेड्यात राहायला गेले. टपाल मात्र मगनवाडीतच येत राहिले. महादेव देसाई मगनवाडीत राहत आणि कागदपत्रे घेऊन शेगावला पायी जात, जाऊन-येऊन सुमारे अकरा मैल, वर्ध्याच्या उन्हाळ्यात. देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या टपालाचा अखेरचा टप्पा असा एका हरकाऱ्याच्या पायांवर होता, आणि तो हरकारा इंग्रजी गद्याचा उत्तम लेखक होता. चोरीची भीती त्यांना नव्हती. सरकारी माणसे ही पत्रे उघडून वाचतात हे सगळ्यांना माहीत होते, आणि आपल्या पत्रांत लपवण्यासारखे काही नाही ही गांधीजींची भूमिकाही जाहीर होती. त्यांचे टपाल हरवत होते ते निराळ्याच कारणाने.

याच रेल्वेमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचे शेगाव आहे. मोठे स्टेशन, मोठे पोस्ट, नावाजलेले क्षेत्र. ‘शेगाव, मध्य प्रांत-वऱ्हाड’ असा पत्ता पाहून सॉर्टर काय करणार? गांधीजींचे टपाल त्या शेगावी जायचे, तिथे पडून राहायचे, मग वर्ध्याला परतायचे. मोहर शाबूत, थैली शाबूत, सगळ्या सह्या जागच्या जागी, आणि पाकीट दोनशे किलोमीटर भलतीकडे. लाख, शिवण, तराजू यांतल्या कशाचाच इथे उपयोग नव्हता. खात्याने काही चूक केली असेही म्हणता येत नाही. शेवटी मार्च १९४०मध्ये गावाचेच नाव बदलले आणि शेगावचे सेवाग्राम झाले. सेवाग्राम या नावाभोवती नंतर पुष्कळ भावार्थ जमला. त्याच्या मुळाशी टपालाची ही गैरसोय होती हे वर्ध्याबाहेर फारसे कोणाला माहीत नसते.

प्रत्येक गावाला नाव बदलणे शक्य नसते. स्वातंत्र्यानंतर तर नावांच्या गोंधळात लिप्यांची भर पडली. यावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने: दळणवळण मंत्रालयात अधिकारी असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर. हे संस्कृतचे कवीही होते. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून उपविभाग, तिसऱ्याने वर्गवारीचा जिल्हा ठरतो, उरलेले तीन कचेरी सांगतात. विदर्भ ४४, ४४२मध्ये वर्ध्याबरोबर चंद्रपूर आणि गडचिरोलीही येतात, ४४२००१ म्हणजे वर्धा. शब्दांची नजाकत जपणाऱ्या माणसाने पत्त्यातून शब्दांवरची भिस्त काढून घेतली.

सिंदीला त्याची गरज आहेच, कारण वर्धा जिल्ह्यात सिंदी दोन आहेत. एक वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे). जनगणनेत तिची गणना शहरात होते, कारभार ग्रामपंचायतीचा. दुसरी सेलू तालुक्यातली सिंदी (रेल्वे), वर्धा-नागपूर मार्गावरची, जिथे आता मालवाहतुकीचे मोठे केंद्र उभे राहते आहे. कंस गाळून ‘सिंदी, जि. वर्धा’ एवढेच लिहिले तर पार्सल दुसऱ्या सिंदीची वाट धरणार. सिंदी (मेघे)त राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही, पुण्या-मुंबईहून राखी पाठवणाऱ्यांना दर वर्षी सांगावे लागते.

या सगळ्या व्यवस्थेचा पसारा गेल्या काही वर्षांत वेगाने आवरला गेला. जुनी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली. १८९८चा कायदा जाऊन टपाल कायदा २०२३ आला आणि १८ जून २०२४पासून लागू झाला. जबाबदारी झटकणारे जुने कलम नव्या रूपात राहिले. टपाल चोरणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी सात वर्षांची वेगळी शिक्षा मात्र नव्या कायद्यात नाही. चोरीला आता सर्वसाधारण फौजदारी कायदाच. १ सप्टेंबर २०२५ रोजी रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, आणि पुढच्याच महिन्यात रजिस्ट्री ही स्पीड पोस्टवर जास्तीचे पाच रुपये भरून घ्यायची सोय झाली. तेवढेच पैसे भरले तर पाकीट ओटीपी सांगितल्यावरच हाती मिळते. सहीची जागा आकड्याने घेतली. हे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पोचपावतीवरची ती फराटेदार सही पत्तेदाराचीच होती हे तरी कोण शपथेवर सांगत होते?

मात्र किंमत लिहून द्यायची म्हटली की आपला हात अजून अडखळतो. लग्नाच्या हंगामात कुठल्याही कुरिअरच्या काउंटरवर थोडा वेळ उभे राहावे. सोन्याची नथ किंवा मुलीची साखळी चकलीच्या डब्यात, साडीच्या घडीत, औषधाच्या खोक्यात घालून आणलेली असते, आणि फॉर्मवर लिहिलेले असते ‘कपडे’, किंमत दोनशे रुपये. खासगी कुरिअर कंपन्या रोकड आणि दागिने सहसा घेतच नाहीत, म्हणून खरे लिहिता येत नाही हेही कारण असते. पण टपाल कचेरीत, जिथे विमा मिळतो, तिथेही विम्याचे पैसे वाचवले जातात आणि उगाच कोणाच्या डोळ्यांत का भरवायचे, असा विचार केला जातो. विमा नसलेले स्पीड पोस्ट हरवले तर भरपाई टपालहशिलाच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. पार्सल पोचले तर युक्ती फळली. नाही पोचले तर तक्रार लिहायला बसल्यावर कळते की आपल्याच अक्षरात ते दोनशे रुपयांचे कपडे होते.